देवाला नीट पत्ता सांगणारे तात्या

तात्यांना कुजबुजता येत नसे. जेवताना त्यांनी सासूबाईंकडे आणखी थोडं तिखलं मागितलं, की आज आमच्याकडे बांगडे आहेत हे तिसऱ्या घराला कळत असे. मी बांद्याची, हळू बोलणाऱ्या घरातली. माझी आई भांडायचीसुद्धा कुजबुजत. लग्न होऊन मिठबावला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, सासरे माझ्यावर रागावलेत. ते मला फक्त चहा घेतलास का म्हणून विचारत असायचे.

हा आवाज मात्र गावाला हवा असे, कारण देवळात गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांच्या घराण्याकडे होता. ज्याला जे मागायचं असेल त्याने नारळ ठेवायचा, तात्यांनी ते देवाच्या कानावर घालायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. आमच्याकडे याहून मोठा अर्ज नाही. पण तात्या आधी माणसाची उलटतपासणी घेत. "देवाक मोघम सांगूचा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तेच्या मागे शंभर गाव आसत. पत्तो नीट सांगूक व्हयो." एकदा कुणी मुलाला बोरिवलीत खोली मिळू दे म्हणाला, तर तात्या अडून बसले. "पूर्व काय पश्चिम? बोरिवली केवढी आसा! देव खंय खंय शोधीत फिरतलो?" शेवटी त्या माणसाने मुलाला फोन लावून विचारलं, मगच गाऱ्हाणं पुढे सरकलं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. गर्भ पिशवीत न रुजता डाव्या नळीत राहिला होता, आणि हे कळेपर्यंत नळी फुटली. माझा नवरा बोटीवर, भर समुद्रात. तात्यांनीच गाडी मिळवली आणि मला कणकवलीला नेलं. नळी काढावी लागली, मी वाचले. घरी आल्यावर बायका बघायला येत आणि 'ते तसं झालं', 'तिचं ते' असं पुटपुटत. जणू मी काही चोरी केली होती. तात्या पडवीतूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "गर्भ नळयेत रवलो, नळी फुटली. सून वाचली. बसा, चाय घेवा." आत मी लाजेने उशीत तोंड खुपसायची. पण आठवड्याभरात पुटपुटणं बंद झालं. उघड सांगितलेल्या गोष्टीची कुजबूज कोण करणार?

पुढे वर्ष गेलं तरी काही होईना. कोल्हापूरच्या डॉक्टरांचे औषधोपचार सुरू झाले. नवरा सहा-सहा महिने बाहेर, त्यामुळे अंड्याची वाढ बघायच्या सोनोग्राफीला माझ्याबरोबर यायचे ते तात्या. पांढरंशुभ्र धोतर, काखेत छत्री, आणि त्या दवाखान्यात ते एकटेच म्हातारे. बायका मांडीवर फायली घेऊन एकमेकींची नजर चुकवत बसलेल्या. तात्या शेजारणीला विचारत, "तुमची कितवी खेप, बाय? आमची ही तिसरी." नर्स म्हणाली, "आजोबा, जरा हळू." त्यावर ते खरोखर गोंधळून म्हणाले, "हळूच बोलतंय मी." मी तपासून बाहेर आले तेव्हा सगळ्या बायका आपापसात बोलत होत्या. एक तर हसत होती.

उपचार फसला, पाळी आली, की तात्या काही विचारत नसत. सासूबाईंकडून कळायचं त्यांना. माझ्या दाराशी सोललेलं शहाळं येऊन पडायचं, तेवढं एक काम ते आवाज न करता करत. मग पडवीत जाऊन देवावर उखडायचे. "पत्तो दिलेलो आसा तुका. वाचूक येता मा?"

तो पत्ता त्यांनी दिला होता जत्रेच्या दिवशी. "तात्यानू, सगळ्या गावाचा घालतास, घरातल्या सुनेचा घाला," असं कुणी तरी म्हणालं. भरल्या देवळात तात्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही माझी सून, बांद्यासून इलेली. हिची डावी नळी काढलेली आसा, उजवी बरी आसा. मूल देतलस तर गर्भाच्या पिशयेत दी, नळयेत नको. आणि नाय दिलस तरी ही आमका जड नाय. आधी हिचो जीव राख."

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. मग मागून कुणा म्हातारीचा चिरका आवाज आला, "व्हय म्हाराजा," आणि पाठोपाठ सगळं देऊळ म्हणालं. माझी डावी नळी, उजवी नळी सगळ्या गावाच्या तोंडी गेली, आणि मला आश्चर्य वाटेल इतकं हलकं वाटलं. मूल हवं होतंच. पण ते नाही झालं तरी मी या घरात उपरी नाही, हे आता देवापुढे ठरलं होतं.

गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत तात्या गेले. छातीत दुखायचं निमित्त झालं. दवाखान्यात नाकाला नळ्या लावलेल्या असतानाही त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं, "कोल्हापूरची तारीख चुकव नको गो." ती तारीख नेमकी सुतकात आली. मी घुटमळत होते. सासूबाई म्हणाल्या, "तेंनी सांगल्यानी ना? मगे जा." घरात पोकळी अशी, की त्यांचा आवाज नाही म्हणून आम्ही दोघीही मोठ्याने बोलायला लागलो होतो.

या पावसाळ्यात चाचणीवर दोन रेघा उमटल्या. ज्या बाईची एक नळी फुटली आहे तिला त्या रेघांचा आनंद होत नाही. तिला एवढंच कळायचं असतं, की आहे कुठे. सासूबाईंनी कुणाला साखर दिली नाही. माझ्याबरोबर येऊन त्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या. आत डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. छताकडे बघत मी मनात पत्ता घोकत होते, पिशवीत, नळीत नको, पिशवीत.

"गर्भ पिशवीत आहे," डॉक्टर म्हणाले. "जागा अगदी बरोबर. ठोके अजून दिसायचे आहेत, दोन आठवड्यांनी परत या."

माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा." मला वाटलं हळूच म्हटलं. पण डॉक्टर दचकले, नर्सच्या हातातली बाटली हिंदकळली. मी बाहेर आले तेव्हा सासूबाई उभ्या राहून, पदर डोळ्यांना लावून, दारालाच हात जोडत होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.