शोधलेल्या शब्दांचं कार्ड

यमुनाबाई गेल्याचं वाशीहून आलेल्या पत्रानं कळलं. दुःख मागाहून आलं. आधी आली ती भीती... माझी चूक धरणारं आता कुणी उरलं नाही.

दवाखान्याच्या ग्रंथालयात मी चौतिसाव्या वर्षी बाईंच्या हाताखाली लागलो. वैद्यकीय लेखांची विषयवार नोंद असलेले जाडजूड इंग्रजी खंड धुंडाळून डॉक्टरांना लेख शोधून द्यायचे, हे आमचं काम. शोधलेला प्रत्येक शब्द कार्डावर लिहायचा, हा बाईंचा दंडक. मला तो उपद्व्याप वाटे. बोलण्याचं धाडस मात्र नव्हतं. दुष्काळात ईट गावाकडची माणसं पाय ताठरून दवाखान्यात येऊ लागली, तेव्हा बाई रजेवर होत्या. डॉक्टरांनी विचारलं. मी 'पक्षाघात' या एकाच शब्दाखाली पाहिलं आणि सांगून टाकलं, "असं काही आढळत नाही."

पंधरा दिवसांनी बाई परतल्या. "कार्ड कुठंय?"

"केलं नाही... काही मिळालंच नव्हतं."

"मिळालं न्हाय तवाच कार्ड लागतं, एम.ए. साहेब! कोणत्या शब्दानं मिळालं न्हाय, ते कळाया नको?" माझा शब्द त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. खाली स्वतः लिहीत गेल्या: पाय, ताठरणे, उपासमार... "आन् ही माणसं खात काय होती?"

डॉक्टरांच्या टिपणात होतं, लाखेची डाळ; तुरीसारखी दिसणारी, पण स्वस्त. तिच्या शास्त्रीय नावाखाली लेखच लेख निघाले. फार दिवस खाल्ली तर पाय कायमचे जातात.

माझी बहीण ईटला दिलेली. तूर मिळेना म्हणून कळंबच्या बाजारातून तीच डाळ मी तिला पाठवली होती.

तसं सांगताच बाईंनी मला पुढच्याच एसटीत बसवलं. बहीण दारात हसत उभी. "दादा, तुझी डाळ लई झ्याक शिजती बग!" आत दाजी भिंत धरून उठत होते... बहीण वाचली. दाजी अखेरपर्यंत काठीनंच चालले. त्या पंधरा दिवसांनी किती फरक पडला, हे मी एकदाच बाईंना विचारलं. "ते मला ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही.

त्यांचं कार्डांचं पत्र्याचं खोकं आता माझ्या टेबलावर असतं. परवा नव्या डॉक्टरांसाठी शोधलं, काही मिळालं नाही. पण 'नाही' तोंडातून बाहेर पडेना. कोऱ्या कार्डावर एक शब्द लिहिला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिलो... मग उठलो आणि रोगी काय खातो, ते विचारायला वॉर्डात गेलो.