ड्रममधलं मीठ

लीलाधर आणि मी यावलला ठिबकचं दुकान चालवतो. माणूस हुशार, पण ऐकून घेण्याशी त्याचं वाकडं. शेतकऱ्याने तोंड उघडायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा.

गेल्या उन्हाळ्यात तो धुळ्याला, देवपुरात बहिणीकडे गेला. भाची भूमिकाने काचेच्या टाकीत समुद्राचे दोन मासे पाळले होते, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. तीन वर्षं जिवापाड जपलेले. उन्हाने टाकीतलं पाणी रोज उतरायचं आणि ती तांब्याने भर घालायची. आता तिला पंधरा दिवस पुण्याला जायचं होतं.

"तू बिनघोर जाय. मी करतो सोय," लीलाधर म्हणाला. एक ड्रम, ठिबकची नळी आणि कूलरचा फ्लोट. पाणी उतरलं की फ्लोट खाली, ड्रममधून पाणी सुरू. काम देखणं झालं, खोटं कशाला बोलू. निघताना भूमिकाने बजावलं, "मामा, ड्रममध्ये साधं पाणीच भरा."

समुद्राच्या माशाला गोडं पाणी? पोरीला काय कळतं, असं म्हणून या शहाण्याने तिने टाकीसाठी आणलेल्या पिशवीतलं समुद्री मीठ ड्रममध्ये कालवलं.

ती परतली तेव्हा दोन्ही मासे मेलेले होते. फोनवर ती रडत होती. मिठाची शंका याला तेव्हाच आली, पण म्हणाला काय, "लाइट गेली असंन. टाकीचा पंप बंद पडला असंन."

महिनाभराने आम्ही सुकदेवनाना या गिऱ्हाइकाच्या केळीच्या बागेत गेलो. पानांच्या कडा करपलेल्या, बोअरच्या खाऱ्या पाण्याने माती पांढरी पडलेली. लीलाधरने नेहमीचं पुराण सुरू केलं, "नाना, उन्हानं पानी उडून जाते, मीठ जागीच राह्यते. त्याच्यात तुम्ही अजून खारं पानी..." आणि थांबला.

मला सगळं तिथेच सांगितलं. "लोकायले हेच शिकवतो मी. अन् पोरीशी खोटं बोललो. लाज वाटते रे."

त्या ड्रमचा फोटो मीच दुकानात गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत होतो.

त्याने तिथूनच भूमिकाला फोन लावला आणि अडखळत कबूल केलं.

"मामा, आल्या दिवशीच मी ड्रममधलं पाणी चाखलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

लीलाधरने फोन खिशात ठेवला. नाना विचारत होते, मग केळीचं काय करू. तो म्हणाला, "नाना, पहिले तुम्ही सांगा, पानं कवापासून करपून राह्यली?"