बर्फाने दळलेली माती

फोन आला तेव्हा प्रयोगशाळेतलं चाळणीयंत्र चालू होतं. एकावर एक रचलेल्या चाळण्या, त्यांत खडी आणि खालून सगळं गदगदा हलवणारं यंत्र... त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. स्क्रीनवर मैत्रेयीचं नाव होतं. गजभिये सरांची मुलगी मला मेसेज करायची, फोन कधी करत नसे. मी यंत्र बंद न करताच फोन कानाला लावला आणि म्हटलं, "ऐकू येत नाही गं." ती पुन्हा काहीतरी बोलली. मग मी यंत्र बंद केलं, आणि एकदम झालेल्या शांततेत तिचा आवाज आला, "काका, बाबा गेले... सकाळी." मस्कतमध्ये वाढलेली मुलगी, आमच्याशी निम्मंअधिक इंग्रजीतच बोलणारी. एवढं मात्र तिने मराठीत सांगितलं. समोर बसलेल्या केरळच्या सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी फक्त "सर" म्हणालो. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच दिवशी विमान पकडून नागपूर गाठावं असं फार वाटलं, पण माझं रेसिडेन्सीचं नूतनीकरण चालू होतं, पासपोर्ट कंपनीच्या माणसाकडे अडकलेला. अंत्ययात्रा मी पाहिली ती मैत्रेयीच्या चुलतभावाने पाठवलेल्या व्हिडिओत, मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या गोदामाच्या मागे, गाड्यांच्या सावलीत उभा राहून.

सुधाकर गजभिये हे माझे वरिष्ठ. मी सिंधुदुर्गातून डिप्लोमा करून इकडे आलो तेव्हा मातीतलं मला एवढंच ठाऊक होतं की तांबडी असते आणि पावसात चिकटते. गालामध्ये आमची प्रयोगशाळा गॅरेजांच्या रांगेत आहे. कुठे इमारत, पूल, टाकी उभी राहायची असली की तिथली माती, खडी आमच्याकडे येते आणि ती किती भार सोसेल हे आम्ही सांगतो. पहिल्याच दिवशी मी नमुना थेट चाळणीत ओतायला निघालो तर सरांनी हात धरला. म्हणाले, "यंत्र नंतर. बोटं आधी." त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली, चार थेंब पाणी घातलं आणि अंगठ्याने चोळत राहिले, डोळे मिटून. मग तिच्यात वाळू किती, गाळ किती, चिकणमाती किती ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी यंत्राचा निकाल आला तो जवळपास तोच होता. मी थक्क झालो तर म्हणाले, "काहून बाप्पा, तुझी आई पिठात हात घालून सांगत नाही का, भाकरी होईल की नाही ते?"

ही बोटं त्यांनी कमावली होती हिमाचलात. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर मुलगा. पहिली नोकरी लागली ती देवदारांच्या जंगलात, मृदा सर्वेक्षणाची. तीन-चार वर्षं ते डोंगरात खड्डे खणत फिरले. तिथली माती हिमनद्यांनी आणून टाकलेली, आणि तिच्याबद्दल ते बोलायला लागले की जेवणाची सुट्टी संपून जायची. नदी सगळं निवडून ठेवते, ते सांगायचे. गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे, गाळ तिसरीकडे. आपल्या वादीच्या कोरड्या पात्रात बघ, थरावर थर, गोटे घासून गुळगुळीत. बर्फाला निवडता येत नाही. तो हत्तीएवढा दगड आणि पिठाएवढी धूळ एकाच जागी टाकतो आणि वितळून जातो. म्हणून तिथल्या खड्ड्यात निम्म्याहून जास्त दगडच लागतात, लहानमोठे, कोनदार, आडवेतिडवे, कुणावर ओरखडे. वर देवदाराच्या सुयांचा थर, त्याखाली बोटभर काळी भुसभुशीत माती, मग राखेच्या रंगाचा पट्टा, मग तांबूस तपकिरी. दगड उचलला तर त्याच्या डोक्यावर बारीक मातीची टोपी बसलेली असते, पाण्याबरोबर झिरपून आलेली. मुळं दगडांना अशी कवटाळून बसतात की दोन्ही वेगळे करायचे तर एक तोडावंच लागतं. आणि कमरेएवढं खाली गेलं की कुदळ टणकन उडते. तो थर बर्फाने आपल्या वजनाखाली दाबून ठेवलेला, सिमेंटसारखा. वरून पाणी सरसर खाली येतं आणि तिथे अडतं. मुळंही तिथे पोचून आडवी वळतात... हे सगळं ते आम्हाला चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या उन्हात, ताकाचा ग्लास हातात घेऊन सांगायचे. एकदा दक्षिणेकडच्या वाळवंटात साइटवर गेलो असताना त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि एका उघड्या खडकावर उकिडवे बसले. खडकावर सरळ समांतर चरे होते. "इथून हिमनदी गेली आहे," ते म्हणाले, "माणूस जन्मायच्या कितीतरी आधी." आमच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. मी हसलो. ते हसले नाहीत, चऱ्यांवरून बोट फिरवत राहिले.

कामात ते हट्टी होते, हे मी लपवणार नाही. जागेबद्दल शंका असली की अहवालाच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत तसं लिहायचे. ठेकेदारांची माणसं येऊन बसायची, "यल्ला सर, खलास करो," म्हणत घाई करायची. शंका आतल्या पानात टाका, एवढीच त्यांची विनंती असायची. सर ऐकत नसत. एवढ्यावर थांबतही नसत; साइटवरच्या फोरमनला, कधी पहारेकऱ्यालासुद्धा, स्वतः फोन करून सांगत की त्या कडेला झोपू नका, पाणी येईल. आमच्यातले काही जण याची टिंगल करत. मीही केली आहे. मला वाटायचं, माणूस स्वतःला फार महत्त्वाचा समजतो.

मग त्यांच्या हातून डबे सुटायला लागले. आधी नमुन्याच्या डब्याचं झाकण उघडेना, मग पेन निसटायचं. बौशरच्या त्यांच्या घरी गेलो तर सुजातावहिनी शर्टाची बटणं लावून देत होत्या आणि सर खिडकीकडे बघत होते. तपासण्यांना वेळ गेला. शेवटी कळलं की नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून काम सोडतात, आणि यावर औषध नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं : स्पर्श जाणार नाही. सगळं हलणं थांबेल, पण जाणवत राहील. वहिनींना तो दिलासा वाटला. सर मात्र मला म्हणाले, "चेष्टाच आहे रे ही." त्यानंतर काही महिने मी नमुने त्यांच्याकडे नेत असे. त्यांचा अंगठा आणि बोटं माझ्या हातात धरून त्यांच्यामध्ये ओली माती चोळायचो. ते डोळे मिटून सांगायचे, मी लिहून घ्यायचो. आकडे तेव्हाही बरोबर यायचे.

त्यांना जबल अखदरवर जायचं होतं, वरच्या अंगाच्या जुनिपरच्या झाडांत. उत्तर ओमानात डोंगरातलं जंगल म्हणावं असं ते एवढंच. एका शुक्रवारी सकाळी मी, वहिनी आणि सर गेलो. झाडं मला जुनाट, अर्धी वाळलेली दिसली. पाऊस कमी झाल्यापासून खालच्या उतारावरची मरत चालली आहेत, असं सर म्हणाले. एका झाडाखाली त्यांना खुर्चीत बसवलं आणि वहिनी जरा पुढे गेल्या. मी बुंध्याजवळची माती उकरून त्यांच्या बोटांत चोळली. "दगड आहेत, पण चुन्याची आहे ही," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे. "बर्फाने दळलेली माती... पिठासारखी लागते. मऊ." मग त्यांनी जे सांगितलं ते वहिनींनाही पूर्ण सांगितलेलं नव्हतं.

हिमाचलात त्यांच्याबरोबर बेलीराम नावाचा वनरक्षक असायचा. खड्डे तोच खणायचा, मक्याची रोटीही तोच भाजून घालायचा. त्या जंगलाच्या उतारावर वनरक्षकांसाठी दोन खोल्यांची घरं बांधायचं ठरलं. सरांनी तिथे खड्डा घेतलेला होता. वर मोकळी खडीची माती, खाली तो घट्ट थर, दोन्हींच्या मध्ये पाणी. असा उतार एखाद्या मोठ्या पावसात सुटतो. त्यांनी तसं लिहिलं. साहेब म्हणाले, आपला अहवाल झाडं लावण्यासाठी आहे, घरं आपल्याला कुणी विचारलेली नाहीत. सर चोवीस वर्षांचे, नोकरी कच्ची. ते वाक्य त्यांनी मागे, परिशिष्टाच्या शेवटच्या पानावर नेलं. बदली होऊन निघाले त्या दिवशी बेलीराम त्यांची ट्रंक घेऊन बसपर्यंत आला आणि वाटेत विचारलं, "साब, जगह ठीक है ना?"

"मी म्हटलं... ऑफिसवाले बघतील," सर म्हणाले.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात उतार सुटला. देवदार उभेच्या उभे, मुळांतल्या दगडांसकट खाली सरकत गेले, असं नंतर कुणीतरी पत्रात कळवलं. बेलीराम आणि त्याची बायको घरात होते. "लिहिलं होतं मी, सावंत. पण मागच्या पानावर. आणि तोंडाने सांगायचं तर एकच वाक्य होतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन ओठांपर्यंत आलं आणि त्यांना ते पुसता येत नव्हतं. पुसावं की नाही, मला कळेना. मोठा माणूस, माझे सर... मग रुमाल काढून पुसलं. माझ्या हाताची माती त्यांच्या गालावर लागली. तुमची चूक नव्हती, असं म्हणावंसं वाटलं, पण तसं म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि ते खरंही पूर्ण नव्हतं. वहिनी परत आल्या, आम्ही चहा प्यायलो. परतीच्या वाटेवर मला ते सगळे फोन आठवत होते, फोरमनला केलेले, पहारेकऱ्यांना केलेले, ज्यांची मी टिंगल केली होती.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. इथे राहणं नोकरीवर असतं. माणूस काम करू शकत नाही म्हटल्यावर व्हिसा कशाच्या आधारावर चालू ठेवायचा? आमचे अर्बाब, मालक, वयस्कर गृहस्थ. त्यांनी होतील तेवढे महिने ओढले. शेवटी एकदा घरी आले, सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन अर्धा तास बसले. "इन्शाल्ला," म्हणाले, आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून पुन्हा तेच म्हणाले. मी दोन-तीन ठिकाणी खेटे घातले, कुणीतरी काहीतरी करील म्हणून. सगळे चांगलं बोलले. आयुष्याची पंचवीसएक वर्षं जिथे गेली ते घर वहिनींनी आठवडाभरात आवरून खोक्यांत भरलं. नागपूरला निघताना विमानतळावर सर चाकाच्या खुर्चीत होते. मी वाकून त्यांचा हात उचलून हातात घेतला. ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, ते पुन्हा बोलले. वहिनी कागदपत्रांच्या खिडकीशी होत्या, नाहीतर त्यांनी समजावून सांगितलं असतं. तिसऱ्यांदा मी कळल्यासारखी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलेलं नाही हे त्यांना कळलं... खुर्ची आत गेली. ते काय म्हणाले ते मला आजही ठाऊक नाही.

पासपोर्ट हातात आल्यावर, सर जाऊन सव्वा महिना झाला असताना, मी नागपूरला गेलो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधीच होऊन गेला होता. बाहेरच्या खोलीत बुद्धांच्या मूर्तीशेजारी सरांचा फोटो, समोर ताजी फुलं. वहिनी बारीक झाल्या होत्या. आम्ही मस्कतच्या लोकांच्या गोष्टी केल्या, कोण कुठे गेलं, कुणाच्या मुलाचं लग्न झालं. दुपारचे अडीच वाजले असतील. त्यांच्या फोनचा गजर वाजला. त्या बोलत होत्या त्या वाक्याच्या मध्येच उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, गॅसवर काही असेल. पण बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी दारापर्यंत गेलो. सरांचा पलंग भिंतीशी उभा करून ठेवलेला होता. जिथे तो असायचा त्या मोकळ्या फरशीपाशी वहिनी उभ्या होत्या, जरा पुढे वाकून, दोन्ही हात पुढे.

मला पाहून त्यांनी हात खाली घेतले. "दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर पाठीला जखमा होतात. मैत्रेयीने गजर लावून दिला होता."

"बंद करून देऊ का, वहिनी?" मी विचारलं.

"बंद करता येतो मला," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. साडेचारला मी निघालो तेव्हा गजर पुन्हा वाजत होता. वहिनी आतल्या खोलीत होत्या, मला पोचवायला दारापर्यंत आल्या नाहीत.