ना हरकत

त्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायको दारात बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होतो. माझ्या बोटांत वालांचा चुरा होत होता. शालिनी म्हणाली, "अहो, सोला. चिरडू नका." मग तिचा रोजचा प्रश्न, "किचनवाल्यांचा फोन नाही ना आला?" मी म्हणालो, "येईल." दुपारी तिच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं. आमचं शेवटचं बोलणं ते... आणि त्यातही मी खोटंच बोललेलो.

याला महिना होऊन गेला. मी चौथी शिकलेला, शहाडला कंपनीत हेल्पर होतो. शालिनी आंबिवलीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बचत गटाच्या सात बाया, विमलताई त्यांची अध्यक्ष. कंपनीतून सुटल्यावर पातेलं उतरवायला मीही जायला लागलो. बाया चिडवायच्या, "भावोजी, गटात नाव घाला, साडी आम्ही देतो!" शालिनी वाढताना पोरांवर ओरडायची, पण घरून उपाशी आलेलं पोर तिला तोंडावरून कळायचं. त्याला न मागता दुसरा डाव. मी कधी भाजीला नावं ठेवली तर म्हणायची, "एवढी पोरं माझ्या हातचं खातात, तुमचीच जीभ कशी वाकडी?"

मग वरून सरकारचा निर्णय आला. सगळ्या शाळांचं जेवण आता एकाच मोठ्या किचनमध्ये शिजणार. एक साहेब कागद घेऊन आले. "काम तुमचंच ताई, जागा तेवढी बदलेल. सह्या करा." गॅसवर खिचडी खाली लागायला आलेली. विमलताई ढवळता ढवळता म्हणाली, "भावोजी, बघा हो काय लिहिलंय." मी अक्षरं जुळवली. वर ठळक लिहिलेलं, 'ना हरकत'. मला वाटलं, बायांना कामावर घ्यायला सरकारची हरकत नाही. म्हणालो, "चांगलंच आहे. करा." पदराला हात पुसून सगळ्यांनी सह्या केल्या. शालिनीनं सगळ्यांत आधी.

किचन सुरू झालं, गाडीतून बंद डबे यायला लागले, बायांना कुणी बोलावलं नाही. मी त्या साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी तोच कागद काढला. "काका, काम बंद करायला बायांची हरकत नाही, असं त्यांनीच लिहून दिलंय." मी म्हणालो, "तुम्हीच बोललेलात ना, काम त्यांचंच म्हणून?" ते म्हणाले, "तोंडी बोललो असेन."

तोंडी! आमची अख्खी जिंदगी तोंडी शब्दावर गेली हो. चाळीतली खोली तोंडी, पोरीचं लग्न तोंडी... सरकारनं गळा कापला, आणि सुरी माझ्याकडूनच वाचून घेतली. घरी येऊन शालिनीला एवढंच सांगितलं, "नावं घेतलीत. फोन करतील." तेव्हापासून ती मोबाइल न्हाणीतसुद्धा न्यायची.

तिचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. मग विचारलं, "शालूला सांगितलेलं?" मी मान हलवली. नाही. "मग मला एकटीला सांगून सुटू नका. चपला घाला."

ती मला दारोदार घेऊन गेली. प्रत्येक दारी मी तेच सांगितलं. एकीनं शिव्या घातल्या, बरं वाटलं. एक म्हणाली, "त्या कागदाची झेरॉक्स आणा आधी." शेवटी रेखाचं घर. ती आता टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांत धुणीभांडी करते. कुलूपच लावत होती. "भावोजी, चालता चालता बोला. उशीर झाला तर बाई आत घेत नाही." तिच्यामागून स्टँडपर्यंत गेलो. शेअर रिक्षा भरत आलेली, ती आत सरकून बसली. मी दांडी धरून म्हणालो, "रेखा, त्या कागदावर तुमचीच हरकत नाही असं लिहिलेलं गं."

"कशाला हरकत?" तिनं विचारलं. मी तोंड उघडलं, आणि रिक्षा सुटली.