अंजनेरीवरचा हंडा

हे मी बायकोला सांगितलं नाही, देवापुढेही कधी पुटपुटलो नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

तेव्हा आम्ही नाशकात मास्तरकी शिकत होतो. परीक्षेआधीच एकमेकांना 'मास्तर' म्हणायचो. उन्हाळ्यात सगळ्या वर्गाचा मुक्काम अंजनेरीच्या डोंगरावर असे. तळ्याकाठी राहुट्या ठोकायच्या, हातानं रांधायचं. हवा थंड, भूक सपाटून. आमच्यात तुळशीराम होता — त्याच्या महारवाड्यातून इतकं शिकलेला पहिलाच, आणि हुशारीत आम्हा सगळ्यांच्या वरताण. त्याची राहुटी वेगळी. पिण्याच्या हंड्याला त्यानं शिवायचं नाही. त्याच्या तांब्यात वरून पाणी ओतायचं काम माझ्याकडे. ही रीत मला खटकली का? नाही. आता तरी खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी आम्ही चौघे पत्ते खेळत होतो. माझा डाव रंगात आला होता. बाहेरून तुळशीरामची हाक आली, "मास्तर, पाणी घालता का?" थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मी चिडलो, आणि पानांवरची नजरही न काढता ओरडलो, "घे की तुझं तू!"

त्यानं घेतलं. तहानलेला माणूस — काय करणार? नेमके तेव्हाच हेडमास्तर आले.

एकच गहजब झाला. "मला यांनीच सांगितलं," तुळशीराम म्हणाला. हेडमास्तरांनी मला विचारलं. बाकीच्या तिघांनी सगळं ऐकलं होतं, ते गप्प. आणि मी — मी म्हणालो, "छे! मी कशाला असं सांगेन?"

हंडा राखेनं घासला. तुळशीरामचं नाव वर्गातून काढलं — विटाळापायी नव्हे हं, खोटं बोलला म्हणून! आजही हे आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

वळकटी डोक्यावर घेऊन तो माझ्याकडे आला. रडत नव्हता.

"मास्तर, सांगा ना त्यांना. आमच्या वस्तीत शाळा नाय. मी मास्तर होऊन येईन म्हणून पोरं थांबलीत. अजून येळ हाय."

"अंधार पडायच्या आत डोंगर उतर," मी म्हटलं.

तो उतरला. आमचा मुक्काम आणखी चार दिवस होता. हेडमास्तर रोज माझ्या शेजारीच जेवायला बसत. मी काही बोललो नाही.