पंगत भरल्याशिवाय भोंगा नाही

मी मंगल, टायपिस्ट. रामनगरजवळच्या एका छोट्या धरणाच्या ऑफिसात होते. धरणाचं नाव सांगत नाही. या गोष्टीतली माणसं अजून सुखानं पेन्शन खातायत आणि मला या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस नाही. गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची, आणि ती पुंडलिकाची.

पुंडलिक आमच्याकडं रोजंदारीवरचा कॉम्प्युटर ऑपरेटर. धरणाखालच्या ओढ्यापलीकडच्या वाडीतला. बाप नाही, आई बायजा रानातली शिकेकाई गोळा करून बाजाराला न्यायची. खानापूरला बारावी आणि बेळगावला सहा महिन्यांचा कोर्स, एवढंच त्याचं शिक्षण. सहा वर्षं तो एकच वाक्य ऐकत होता, की येत्या मार्चात तुला कायम करतो. मार्च दरवर्षी येतो आणि जातो, हे या शहाण्याच्या लक्षात कसं येत नव्हतं देवाला ठाऊक.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच. वरच्या रानात सहा ठिकाणी पाऊस आणि पाणी मोजायची यंत्रं होती, त्यांचे आकडे तारेवरून या कॉम्प्युटरात यायचे. धरणाच्या दरवाजापाशी एक केबिन होती. तिथून 'दरवाजा उघडतोय' एवढा निरोप आला की कॉम्प्युटर खालच्या वाड्यांसाठी भोंगा वाजवायचा. पण पावसाळ्यात आकड्यांची अशी रीघ लागायची की पडद्यावरचं पाणी वीस-वीस मिनिटं शिळं. भोंगाही तसाच उशिरा. आमचे साहेब बाबुराव यांनी यावर महिनाभर खोल विचार केला आणि कॉम्प्युटरला नवीन कव्हर शिवून घेतलं.

पुंडलिकानं कव्हर काढलं आणि आतला मूळ प्रोग्राम वाचायला घेतला. त्याला कर्नल म्हणतात. सगळी यंत्रणा त्याच्या हुकमानं चालते. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचा होता तो, आणि कुणालाही वाचता यावा, बदलता यावा असा उघडा ठेवलेला. पुंडलिकानं मला दुखणं समजावून सांगितलं. तारेवरून आकड्याचा किंवा निरोपाचा बारकासा तुकडा आला की कर्नल तो घेतो आणि आकडे वाचणाऱ्या प्रोग्रामला झोपेतून उठवतो. तो उठतो, एक आकडा घेतो, परत झोपतो. की लगेच दुसरा तुकडा, परत उठ. सेकंदाला शेकडो वेळा हाच खेळ. सगळी ताकद उठवण्यात आणि निजवण्यात जाते, वाचायला वेळच उरत नाही. मी म्हटलं, अरे, म्हणजे हुबेहूब आपलं ऑफिस.

तोड त्याला सापडली उळवीच्या देवस्थानात. दरसाल जत्रेत तो पंगतीत वाढायला जायचा. तिथं आलेल्या एकेकाच्या मागं बादली घेऊन कुणी धावत नाही. येतील तसे बसवत जायचं, ओळ भरली की बादली उचलायची आणि एका फेरीत शंभर पानं वाढून मोकळं व्हायचं. त्यानं कर्नलमध्ये हेच बसवलं. तुकडे येतील तसे ओळीत ठेवायचे, ओळ भरली की वाचणाऱ्याला एकदाच उठवायचं आणि सगळं एका दमात त्याच्या पानात घालायचं. दीड महिना तो यावर खपत होता. बाबुरावांना वाटत होतं, पोरगा टायपिंग शिकतोय.

ऑगस्टात धरणातलं पाणी आणि पडद्यावरचं पाणी पहिल्यांदा एक झालं. बंगळूरहून मोठे साहेब आले, बघून खूश झाले आणि मग रिपोर्ट गेला. तो मीच टाइप केला. सदर सुधारणा श्री. बाबुराव यांच्या कल्पनेतून व अथक परिश्रमांतून झाली आहे. मी विचारलं, साहेब, पुंडलिकाचं नाव? ते म्हणाले, रोजंदारीच्या माणसाचं नाव रिपोर्टात बसत नाही. मी मुकाट्यानं टाइप केलं. मलाही नोकरी सांभाळायची होती. त्याची लाज मला आजही वाटते. पुंडलिकाला काय, मार्चाचं वचन परत एकदा मिळालं, आणि या वेळी नक्की.

पाऊस सरला की वरची सहाही यंत्रं बंद करतात. फेब्रुवारीत, उळवीची जत्रा होऊन दोन दिवस झाले असतील, खालच्या शेतीसाठी पाणी सोडायचं ठरलं. सकाळी दहाला केबिनमधल्या माणसानं निरोपाचं बटण दाबलं, नियमाप्रमाणं पाच मिनिटं थांबला आणि दरवाजा उघडला. भोंगा ऐकल्यावरच उघडावा असं नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो वाजतोय का हे त्यानं बघितलंही नाही.

भोंगा वाजलाच नव्हता. निरोप कॉम्प्युटरात वेळेवर पोचला होता आणि ओळीत एकटाच बसून होता. यंत्रं बंद, त्यामुळं मागून कुणी येईना. ओळ भरेना, आणि वाचणाऱ्याला कुणी उठवेना.

त्याच वेळी बायजा डोक्यावर शिकेकाईचं गाठोडं घेऊन ओढा ओलांडत होती. पाणी मांड्यांना लागलं तशी ती मधल्या खडकावर चढली. गाठोडं गेलं. रानात लाकडं तोडणारा एक जण बोंबलत ऑफिसात आला तेव्हा आम्हाला कळलं. पुंडलिक केबिनकडं पळाला, दरवाजा बंद करवला, तरी पाणी उतरायला तीन तास लागले. तीन तास म्हातारी खडकावर बसून आणि तो काठावर उभा. मीही तिथंच होते. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

ती काठावर आल्यावर त्यानं काही लपवलं नाही. चूक माझीच, म्हणाला. उळवीला पंगत भरली नाही असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळं न भरणाऱ्या ओळीचं काय करायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. निरोप एकटा होता म्हणून अडकला, असं त्यानं तिला सांगितलं.

बायजानं पदर पिळला. "म्हंजे एकटीसाठी न्हाई वाजत तुजा भोंगा," ती म्हणाली. "चौघी बुडाय आलो असतो तर वाजला असता, व्हय रं?"

तो तिथंच खाली बसला आणि रडला. मग ऑफिसात येऊन त्यानं कर्नलच्या प्रोग्रामात आणखी तीन ओळी लिहिल्या. ओळ भरो न भरो, डोळ्याचं पातं लवेपर्यंतच वाट बघायची, मग उठवायचं. केबिनमधून एकेकटा निरोप चार वेळा पाठवायला लावला. भोंगा चारही वेळा वाजला.

दुसऱ्या दिवशी बाबुरावांची स्मरणशक्ती एकाएकी सुधारली. मला बोलावून त्यांनी नोटीस सांगितली. सदर बदलाची कल्पना व संपूर्ण काम रोजंदारी कर्मचारी पुंडलिक यांनी एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय केले असून उद्यापासून त्यांनी कामावर येऊ नये. रोजंदारीच्या माणसाचं नाव आता कागदात अगदी ऐसपैस बसलं. मी म्हटलं, साहेब, ऑगस्टचा रिपोर्टही मीच टाइप केलाय. ते म्हणाले, मग हाही करा.

नोटीस मीच त्याच्या हातात दिली. वाटलं, फाडून तोंडावर फेकेल, आणि फेकली असती तर मी काही बोलले नसते. त्यानं ती दोनदा सावकाश वाचली.

"मंगलक्का, मला कार्बनची नको," तो म्हणाला. "वरची चांगली द्या."

ती घेऊन काय चुलीत घालणार आहेस, मी विचारलं.

"दुसरीकडं काम मागाय गेल्यावर दाखवाय लागंल की. ह्ये काम मी केलंय असं लिवल्याला दुसरा कागुद कुठं हाय?"