तिरप्या रेघेवाचून

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीच्या आमच्या कचेरीत निरोप पाठवणारा संगणक आला. प्रत्येक निरोपाला नाव द्यावं लागे. त्या नावात कोणती चिन्हं चालतील, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवले. तिरपी रेघ आली की मशीन पुढचा भाग वेगळा कप्पा समजे आणि निरोप अडकून पडे.

पण आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, जन्मभर जावक क्रमांक तिरप्या रेघा मारूनच लिहिले होते, आणि निरोपाचं नाव म्हणून त्यांना तोच क्रमांक हवा होता. "काऊन रे, माही रेघ तुह्या मशीनले टोचते का?" ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मला चहाला बोलावणं त्यांनी बंद केलं. नोकरीत मला त्यांनीच सांभाळून घेतलं होतं. त्यांना दुखावल्याची बोच मला घास गोड लागू देईना.

एका दुपारी आरमोरीला पाठवायचा निरोप घेऊन ते स्वतःच आले. नावात एकही रेघ नव्हती. मी तो लगेच पाठवला.

"पोचला?"

"पोचला, भाऊ."

"मंग चाल, चहा थंडा होऊन राह्यला. रेघा म्या माह्या रजिस्टरात ठेवल्या. तिथं तुही मशीन येत नाई."

मी त्यांच्याआधी दाराशी पोचलो.